पुसून दिलेली गाडी

२ फेब्रुवारी

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे एक जुनी स्कूटर होती. रविवारी सकाळी मी एखादा विरलेला परकर मधोमध फाडायची, अर्धा यांना, अर्धा मला, आणि आम्ही दोघं जिन्याखाली उकिडवे बसून ती पुसायचो. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडे न्यायची असली तर जास्तच घासायचो. हे म्हणायचे, "अगं, दुरुस्तीला चाललीय ती, लग्नाला नाही." मी सांगायची की मळकी वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, आम्हाला शाळेत सिस्टरनी तसंच शिकवलंय. ते हसायचे. पण पुढे त्यांनाही तीच खोड लागली. आजतागायत डॉक्टरकडे जायचं असलं तरी आधी आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि मी घडी घालून दिलेला कोरा रुमाल.

आज हे सगळं आठवलं, कारण दारात पुन्हा एक जुनी गाडी आली. धाकट्या दिरांची. लांबलचक, राखाडी, आत कातड्याच्या सीट आणि बटणं इतकी की विमान परवडलं. पूर्वी असल्या गाड्यांतून उद्योगपती उतरायचे. आता ती आमच्या घरासमोर उभी आहे, आणि तिच्यामुळे घर लहान दिसतंय. नाकापेक्षा मोती जड.

या गाडीतून आपण लेकीकडे जायचं, असं यांनी ठरवलंय. रस्ता दोन दिवसांचा आहे. नातू झाल्यापासून आम्ही त्याला फोनच्या काचेतच पाहिलाय. रेल्वेने जाऊ म्हटलं तर ऐकत नाहीत.

भावजी किल्ली देताना फार गोड बोलत होते. ते इतके गोड बोलले की मी समजले, कुठेतरी पाणी मुरतंय.

६ फेब्रुवारी

संशय खरा निघाला. गाडीत समोरच्या काट्यांच्या मधोमध एक पिवळं चित्र पेटलं, तेलाच्या किटलीचं. इंजिनात तेल कमी झालंय. चार दिवसांत?

मी भावजींना फोन केला. म्हणाले, "वहिनी, मी गाडी तुमच्या गळ्यात मारली नाही. दादाने माझ्याकडून ओढून नेली. मी सांगत होतो, छोटी नवी घ्या. तर म्हणे, हिची सीट पूर्ण मागे पडते, मला तीच हवी." सीट मागे पडते म्हणून कोणी गाडी घेतं का? यांना बसल्या बसल्या झोपायची सवय नाही. दोघं भाऊ मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताहेत.

संध्याकाळी यांच्यासोबत गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. मेस्त्री चाळिशीचा, तिरकस, बोलताना माणसाकडे न बघता इंजिनाकडे बघतो. अशा गाड्या थोडं तेल पितातच, म्हणाला. वर "पांढरा हत्ती आणलात काकू, आता चारा घाला" असंही ऐकवलं. तेल भरून दिलं.

घरी आल्यावर पाहिलं, जिथे गाडी उभी असते तिथे फरशीवर काळा ठिपका होता. खडूची पूड टाकून घासून काढला. शाळेत आमच्या शिवणाच्या सिस्टर डागांचा तास घ्यायच्या. तेलाला खडू, शाईला दूध, रक्ताला थंड पाणी आणि मीठ. आणि खोटेपणाच्या डागाला काही नाही मुलींनो, असं शेवटी म्हणायच्या. तेव्हा आम्ही खिदळायचो.

१२ फेब्रुवारी

सिग्नलला उभं राहिलं की गाडी थंडी भरल्यासारखी कापते. आत जळका वासही येतो. उद्या न्यायची म्हणून मी आज झाकण उघडून बघितलं. शी! इंजिनाच्या मागच्या कडेला काळा ओला चिकटा. लाकडी डावाला कापड गुंडाळून जिथवर हात पोचला तिथवर सगळं लख्ख केलं. आत लव्हेंडर फवारलं. लोकांच्या दारात अशी गाडी उभी करायची म्हणजे आपलीच लाज.

हे खिडकीतून बघत होते. खाली आले नाहीत. पूर्वी धावत आले असते आणि अर्धं कापड मागितलं असतं.

१३ फेब्रुवारी

मेस्त्रीने ठिणगी देणारी एक कॉइल बदलली. कापणं थांबलं. पण तेल पुन्हा कमी झालेलं होतं. गाडी वर उचलून, दिवा लावून त्याने बराच वेळ तपासली. धूर नाही, गळती नाही. "इंजिन तर आरशासारखं आहे," असं दोनदा म्हणाला. मला मनातून बरं वाटलं. निदान एवढं तरी कौतुक.

पण मग तेल जातं कुठे? आठ दिवस चालवून पुन्हा आणा, म्हणाला. मला एक शंका आली आहे. भरतो म्हणतो तेवढं तो भरतो का? डबा उघडताना मी पाहिला, ओतताना पाहिलं नाही. हे म्हणाले, तू ना, उगाच सगळ्यांना चोर ठरवतेस. बोलता बोलता ठसका लागला.

१६ फेब्रुवारी

यांना घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. खोकला रेंगाळलाय. आंघोळ, दाढी, नवा शर्ट सगळं झालं. दारातच मी त्यांच्या खिशातला चुरगळलेला रुमाल काढायला गेले, तर त्यांनी हात धरला, मीच बदलतो म्हणाले आणि आत जाऊन बदलून आले. बाईंनी विचारलं, कफ पडतो का, वजन घटलंय का, अजून काही? हे म्हणाले, नाही, घसा जरा खवखवतो. मीही म्हटलं, तब्येतीचं कधी नाव काढत नाहीत हो, चाळीस वर्षांत मी यांना अंथरुणात पाहिलं नाही. बाई हसल्या. औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही तर छातीचा फोटो काढू. परतताना हे खूश होते. जरा जास्तच.

२० फेब्रुवारी

मिठाची बरणी न्हाणीघरात सापडली. गुळण्यांसाठी, म्हणाले. मग गरम पाणी का मागत नाहीत?

आणि दुसरी गोष्ट. हल्ली हे स्वतःचे रुमाल स्वतः धुतात. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचा मोजा उचलून बादलीत टाकला नाही, तो रुमाल धुऊन, पिळून, खिडकीच्या आतल्या बाजूला वाळत घालतो. मी कोपऱ्यात त्यांचं अक्षर भरलेले पांढरे रुमाल. एक उचलून उजेडात धरला. मधोमध फिकट गुलाबी कडं होतं, धुऊनही न गेलेलं.

रुमाल होता तसा ठेवला. पुरुषाच्या रुमालावर गुलाबी डाग कशाचा असतो, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

२१ फेब्रुवारी

गाडी पुसून पुन्हा गॅरेजात नेली. तेल पुन्हा कमी. गळती पुन्हा नाही. मेस्त्री आता चिडलाय. बाहेर जात नाही म्हणजे आतच जळत असणार, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, इंजिन खोलावं लागेल, म्हणाला. असं इंजिन एकदा खोललं की पूर्वीसारखं बसेलच असं नाही, हेही त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, मग खोलताच कशाला? त्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्हाला माझा भरवसा नाही ना? मग दुसरीकडे दाखवा."

भरवसा कुणाचा उरलाय. मी इंजिन खोलायची तारीख घेऊन घरी आले.

२६ फेब्रुवारी

रोज दुपारी हे गाडी घेऊन बाहेर जातात. कुठे? वाचनालयात. पुस्तक? आवडलं नाही म्हणून आणलं नाही. पंधरा दिवसांत एकही पुस्तक आवडत नाही असा वाचक मी पाहिलेला नाही. ताकास तूर लागू देत नाहीत.

आज ते परतल्यावर मी गाडीत डोकावले. शेजारची सीट पूर्ण मागे पाडलेली होती. जिथे मी बसते ती. मी कधीच ती पाडत नाही. आणि आत पेपरमिंटचा वास होता. माझं लव्हेंडर, इंजिनाचा जळका वास आणि पेपरमिंट, असं तिघांचं भांडण चाललं होतं.

पट्ट्याला नवं भोक पाडलंय त्यांनी. बारीक व्हायचं चाललंय. या वयात!

लिहिताना माझीच मला लाज वाटते. हा माणूस माझ्या बाळंतपणात रात्र रात्र लेकीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायचा. मला स्वयंपाकात मीठ विसरायची खोड, तर पाहुण्यांसमोर "आज मीच बेतानं घालायला सांगितलं" म्हणायचा. त्याच्यावर मी रुमालावरून पाळत ठेवते आहे. पण संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. एकदा मनात शिरला की घरातली प्रत्येक वस्तू साक्ष द्यायला उभी राहते.

१ मार्च

आता मला ही गाडी शिकवायची टूम निघाली आहे. मला छोटी गाडी चालवता येते, ही नको म्हटलं. ऐकेनात. तलावाच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर नेऊन मला चालवायला बसवलं. कोणतं पेट्रोल, चाकांत हवा किती, विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात, किटली पेटली तर आधी गाडी कडेला घ्यायची, घाबरायचं नाही. मी म्हटलं, तुम्ही आहात ना? ते म्हणाले, मी आहेच गं, पण दोघांना यायला हवं. आणि बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर कळलं की गाडी माझ्या नावावर केली आहे. दिरांकडून थेट माझ्या नावावर. मला विचारलंसुद्धा नाही.

माणूस निघून जायचा बेत करतो तेव्हा आधी अशीच आवराआवर करतो. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या एका नणंदेच्या नवऱ्याने घर सोडायच्या आधी सगळ्या घराला रंग दिला होता.

४ मार्च

आज मी त्यांच्या मागे गेले. हे मी कुणालाही सांगू शकणार नाही, लेकीला तर नाहीच.

टॅक्सीवाल्याला सांगितलं, ती राखाडी गाडी दिसते तिच्या मागे चल. त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा काढून पुसत बसले. हे वाचनालयावरून सरळ पुढे गेले. तलावाकाठी, त्याच रिकाम्या रस्त्याला, झाडाखाली थांबले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. काचा वर घेतल्या. मग शेजारच्या सीटवर सरकले, सीट मागे पाडली आणि आडवे झाले. बराच वेळ ते तसेच होते. मधूनच गाडी हलायची, कोणीतरी आतून धक्का दिल्यासारखी. एकटेच होते. मी नीट पाहिलं, एकटेच.

तिची वाट बघत असणार. ती आली नाही.

टॅक्सीवाला म्हणाला, उतरायचं का? मी म्हटलं, नको, घरी चल. वाटेत रडायला आलं, पण कोऱ्या रुमालात रडायची सवय नाही, पदर पुरला.

संध्याकाळी पेपरमिंट चघळत आले. विचारलं, काय वाचलंत आज? म्हणाले, काही नाही गं, जागेवर बसून राहिलो नुसता. खोटं बोलताना त्यांनी निदान अर्धं खरं सांगितलं.

५ मार्च

बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. आमच्यात अबोला कधी टिकला नव्हता, हा टिकला. दुपारी ते निघाले तेव्हा मी मुद्दाम किल्ली लपवली. शोधत बसले, शोधताना धाप लागली, आणि खुर्चीत टेकले. मला दया आली आणि मी किल्ली साखरेच्या डब्यामागून काढून दिली. कुठे होती, हेसुद्धा विचारलं नाही त्यांनी.

९ मार्च

आज काय झालं ते सावकाश लिहायला हवं.

इंजिन खोलायचा दिवस आजचा ठरला होता. सकाळी मी नेहमीप्रमाणे खाली गेले, डावाला कापड गुंडाळलं, पुसायचं ते पुसलं, फरशीवर खडू टाकला, आत लव्हेंडर फवारलं आणि गाडी स्वतः चालवत गॅरेजात नेली. मेस्त्री हत्यारांच्या पेटीतून पाने काढत होता. मी रागातच होते, सगळ्या जगावर. म्हटलं, तुम्ही काहीही म्हणा, एवढी निगा राखलेली गाडी तुमच्याकडे दुसरी येत नसेल. दर वेळी आणायच्या आधी मी स्वतः पुसते.

त्याचा हात थांबला. "काय पुसता?"

मी सांगितलं. मागच्या कडेचा चिकटा, खालचा ठिपका, सगळं. वास जावा म्हणून लव्हेंडर.

पहिल्यांदाच त्याने इंजिनाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मग आडव्या टायरवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "अहो काकू, गळती कुठे आहे ते मी त्या घाणीवरून ओळखतो. तीच तुम्ही दर वेळी धुऊन आणता आणि मला म्हणता, शोध. मीही गाढव. इतकं चकचकीत इंजिन बघून मला आधीच शंका यायला हवी होती. इंजिन खोलायला निघालो होतो मी."

त्याने पाने परत ठेवले. गाडीखालचं आच्छादन काढून ठेवलं. म्हणाला, आता घरी न्या, खाली कोरा पुठ्ठा अंथरा, दोन दिवस उभी ठेवा, आणि हात लावू नका. जसा असेल तसा पुठ्ठा मला आणून द्या. बहुतेक वरच्या झाकणाचं रबर गेलंय, तेल मागच्या बाजूने गरम नळीवर पडतं, म्हणून तो वास. छोटं काम आहे.

मी ओशाळले, पण हसूही आलं. किती दिवसांनी आलं. एवढ्या दिवसांचा माझा चोर कोण, तर माझ्याच हातातला डाव. घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं की यांना सांगायचं. अबोला गेला खड्ड्यात. ही गोष्ट सांगायला मला दुसरं कोण आहे?

हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मी मेस्त्रीची नक्कल करून सगळं सांगितलं. आधी ते हसले, अगदी स्कूटरच्या दिवसांसारखे. मग हसता हसता खोकला सुरू झाला आणि थांबेना. खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला, उठले, न्हाणीघरात गेले, कडी लावली. नळ सोडला.

मी टेबलाशी उभी होते. नळाचं पाणी पडत होतं. थंड पाण्याचा नळ आहे तो, गरमचा पलीकडे आहे. मग बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

डागांच्या तासातला सिस्टरांचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी मागे वळून बघितलं.

मी दारापाशी गेले. म्हटलं, "अहो, धुऊ नका. मला द्या."

नळ चालूच राहिला. मग बंद झाला.

"मळका आहे गं."

"असू दे. तसाच द्या."

कडी निघायला वेळ लागला.

१० मार्च

काल त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. गाडी येण्याच्या आधीपासून खोकल्यातून रक्त पडत होतं. मला ऐकू जाऊ नये म्हणून ते गाडीत जाऊन खोकायचे. आडवं पडलं की जरा थांबतो, म्हणून ती सीट. नातवाला बघून येऊ, मग सांगू, असा बेत होता. मी विचारलं, डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंत? म्हणाले, "अगं, तू इतकं छान तयार करून नेलंस. तुझ्यासमोर कसा मळका रुमाल काढू?"

मी त्यांना टॅक्सीचं सांगितलं. गुलाबी कड्याला मी काय समजले तेही. ते गादीवर पडल्या पडल्या हसले, हळू, जपून. म्हणाले, या वयात माझ्यावर एवढा विश्वास दाखवलास, बरं वाटलं.

आज लेकीला फोन केला. ती बाळाला घेऊन निघते आहे. आम्ही नाही जायचं, तिनेच यायचं.

आज आम्ही दोघांनी काही पुसलं नाही. घर तसंच पडलंय.

११ मार्च

भावजी सकाळी येतील. मी यांना टॅक्सीने घेऊन आधीच निघालेली असेन, म्हणून हे पान फाडून दारातल्या टेबलावर ठेवते आहे.

भावजी, गाडीखालचा पुठ्ठा अलगद ओढून घ्यावा, घडी घालू नये. ज्या टोकाला मी बाण काढलाय ते टोक पुढचं. तो गॅरेजातल्या मेस्त्रींना द्यावा, किल्लीसकट. त्यांना सांगावं, काकूंनी हात लावलेला नाही.

लव्हेंडरची बाटली तुमच्या बायकोला. तिला आवडतं.

मिठाची बरणी पुन्हा स्वयंपाकघरात.

टेबलावर काचेच्या वाटीखाली पिशवीत ठेवलेला रुमाल मी बरोबर नेते आहे. तो डॉक्टरीणबाईंच्या हातात, जसा आहे तसा. मी विसरले तर तुम्ही मागून घेऊन यावा. कृपा करून त्याला पाणी लावू नये.

कपाटातले बाकीचे सगळे रुमाल यांचे. मळवायला.